बोरघाट आणि गाडी थांबविण्याची विद्या

घाट चढणाऱ्याचें कौतुक सर्वांनाच असतें. घाट उतरणाऱ्याची चिंता मात्र ज्याची त्यालाच. मुंबईहून पुण्यास येणारा प्रवासी खंडाळ्याच्या दऱ्यांकडे पाहतो आणि एवढा डोंगर चढून आणल्याबद्दल इंजिनाची वाहवा करतो. परंतु ज्यांनीं बोरघाटांत रस्ता आंखला, ज्यांनीं तेथें रूळ घातले, आणि जे आज तेथून मालाच्या गाड्या हांकतात, त्यांचा अनुभव निराळा आहे. चढ हा शक्तीचा प्रश्न आहे. उतार हा जिवाचा प्रश्न आहे. चढावर शक्ति अपुरी पडली तर गाडी फार तर अडून राहते. उतारावर ब्रेक अपुरा पडला तर ती कांहीं केल्या अडत नाहीं. म्हणून बोरघाटाचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास हा बव्हंशीं गाडी थांबविण्याच्या विद्येचा इतिहास आहे. त्याची सुरुवात बैलगाडीच्या चाकाखालीं घातलेल्या दगडापासून होते, आणि आज तो चाकाजवळ बसविलेल्या बोटाएवढ्या एका सेन्सरापर्यंत येऊन पोंचला आहे.

मावळाची भूमि मुळांतच या प्रश्नासाठीं घडली आहे. लोणावळें समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून किंचित् अधिक उंचीवर वसलें आहे, तर घाटाच्या पायथ्याचा कर्जत-खोपोलीचा प्रदेश दोनशें फुटांच्या आसपास आहे. मधला सगळा उतार अवघ्या कांहीं मैलांत उतरावा लागतो. कार्ल्याचीं लेणीं कोरलीं गेलीं तेव्हांपासून कोंकण आणि देश यांमधली व्यापाराची वाट याच टापूंतून जात आली. पण ती वाट पायीं चालणाऱ्यांची आणि ओझ्याच्या जनावरांची. बैलाला वा तट्टाला स्वतःचे पाय असतात, उतार दिसतांच तें आपोआप सावध होतें. चाकाला ती बुद्धि नाहीं. घाटांत चाक आलें, आणि खरी अडचण त्या दिवशीं सुरू झाली.

सन १८०४ मध्यें जनरल वेलस्ली यानें तोफा नेतां याव्यात इतपत हा घाट सुधारून घेतला. पुढें सन १८३० मध्यें मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत गाड्यांचा पक्का रस्ता खुला झाला. या घाटाच्या वाटेसंबंधीं मावळांत एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. डोंगराची नस न् नस जाणणाऱ्या शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें इंग्रज अधिकाऱ्यांस सोयीची वाट दाखविली आणि त्याचें मोल त्याला प्राणानें द्यावें लागलें, असें लोक सांगतात. त्याचें देऊळ घाटांत आहे आणि येणारेजाणारे मोटारवाले आजहि तेथें हात जोडतात. आख्यायिकेंत इतिहास किती हा प्रश्न वेगळा. परंतु घाट उतरण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, ही भावना तींत आहे आणि ती अगदीं शहाणपणाची आहे.

गाडीरस्ता झाला, पण गाडीला ब्रेक कोठें होता? भरलेली बैलगाडी उतारावर आली कीं तिचा भार बैलांच्या मानेवर येई. तेव्हां गाडीवान सर्वत्र जे उपाय करीत, ते सोपे होते: मागें लांकडाचा ओंडका बांधून तो फरफटत न्यावयाचा, किंवा चाकाच्या आऱ्यांत दांडकें अडकवून तें चाक फिरूंच द्यावयाचें नाहीं. फिरणारें चाक धांवतें, अडकलेलें चाक घासतें, आणि घासण्यानें वेग कमी होतो, असा हा हिशेब होता. बैलाच्या चालीला तो पुरेसा होता. मात्र पावसांत, चिखलांत तेंच अडकलेलें चाक घसरूं लागे आणि गाडी आडवी होई. हा विरोधाभास श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. कारण शंभराहून अधिक वर्षांनीं शास्त्रज्ञांना ज्या कोड्याचा उलगडा करावा लागला, तें कोडें हेंच होय.

त्यानंतर आली आगगाडी. मुंबई ते ठाणें ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली, आणि लगेच घाट चढण्याचा प्रश्न पुढें आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली यानें बोरघाटाचा मार्ग आंखला आणि सन १८५६ च्या आरंभीं कामास सुरुवात झाली. सुमारे १६ मैलांच्या या चढणींत १,८३१ फूट उंची गांठावयाची होती. २५ बोगदे खणावे लागले, ८ मोठे पूल बांधावे लागले. सन १८६१ च्या सुमारास एका वेळीं ४२,००० हून अधिक मजूर घाटांत राबत होते. पटकीनें आणि अपघातांनीं त्यांतले किती जण त्या कड्याकपारींत राहिले! सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार सन १८५९ मध्यें येथें आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट आपल्या नांवावर पुढें चालवून काम तडीस नेलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यानें हा मार्ग खुला केला.

या मार्गाचा सर्वांत तीव्र उतार ३७ फुटांस १ फूट असा आहे. रस्त्याच्या दृष्टीनें हा उतार कांहींच नव्हे; पण लोखंडाचें चाक लोखंडाच्या रुळावर असतें आणि त्यांची परस्परांवरील पकड मुळांतच थोडी. शिवाय खंडाळ्याजवळ डोंगर इतका अरुंद होता कीं, मार्गाला वळण देण्यास जागाच मिळेना. म्हणून तेथें उलट फिरण्याचें स्थानक बांधण्यांत आलें. गाडी एका बाजूनें कड्याच्या टोंकापर्यंत यावयाची, तेथें थांबावयाची, इंजिन दुसऱ्या टोंकाला जोडून ती उलट दिशेनें पुढें जावयाची. म्हणजे त्या जागीं थांबणें हें ऐच्छिक नव्हतें. थांबलें नाहीं तर पुढें रूळच नव्हते.

आणि अखेर व्हावयाचें तें झालेंच. सन १८६९ च्या जानेवारींत पुण्याहून मुंबईकडे उतरणारी गाडी ब्रेकांना जुमानली नाहीं आणि त्या स्थानकाचा शेवटचा अडसर फोडून पलीकडे गेली. त्या काळीं गाडीचे ब्रेक म्हणजे निरनिराळ्या डब्यांवर बसलेलीं माणसें. इंजिनाची शीळ झाली कीं त्यांनीं आपापलीं चक्रें हातांनीं आंवळावयाचीं. कोणी उशिरां ऐकलें, कोणाचें चक्र अडलें, कोणाच्या चाकाचा रुळावर घसरा झाला, तर त्याची दाद इंजिनांत उभ्या असलेल्या ड्रायव्हराला लागत नसे. ब्रेक नादुरुस्त आहे, हें ब्रेकाची गरज पडेपर्यंत कळत नसे. दोष ब्रेकांत असो वा माणसांत, तो आधीं ओळखण्याची सोय नव्हती, ही त्या पद्धतीची खरी उणीव.

याच १८६९ सालीं अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकाचें पेटंट घेतलें आणि सन १८७२ मध्यें त्याची सुधारलेली, स्वयंचलित आवृत्ति काढली. तिच्यांतील कल्पना फार मोलाची होती. नळींत हवा भरलेली असतांना ब्रेक सुटलेला राहतो; नळी फुटली, डबा तुटला, हवा गेली, कीं ब्रेक आपोआप लागतो. बिघाड झाला तर गाडी धांवावयाची नाहीं, थांबावयाची. हिंदुस्थानांतील रेल्वेंवर पुढें दीर्घ काळ वापरला गेलेला निर्वात ब्रेकहि याच तत्त्वावर चाले.

बोरघाटांत मात्र एवढ्यावर भागलें नाहीं. उतारावरील मार्गाला ठिकठिकाणीं चढाकडे जाणारे आडमार्ग काढण्यांत आले. सांधे नेहमीं या आडमार्गाकडेच वळविलेले असावयाचे. उतरणारी गाडी ठरल्या जागीं थांबली, तिचा वेग ताब्यांत आहे असें दिसलें, म्हणजे मगच सांधे मुख्य मार्गाला लावावयाचे. जी गाडी थांबूं शकली नाहीं ती आडमार्गावर चढून आपोआप मंदावते. या योजनेंतील मर्म असें कीं, येथें ब्रेकावर विश्वास ठेवून गाडी पुढें सोडीत नाहींत. ब्रेक चालतो हें दर टप्प्याला सिद्ध करून घेतात आणि मग पुढें सोडतात.

सन १८२९ च्या सुमारास घाटांत गाडीरस्ताच पुरा होत होता. बरोबर शंभर वर्षांनीं, सन १९२९ मध्यें, कल्याण ते पुणें मार्गावर वीज आली, नवे बोगदे खणून तें उलट फिरण्याचें स्थानकहि टाळण्यांत आलें, आणि १ जून १९३० रोजीं 'दख्खनची राणी' धांवूं लागली. मालगाड्यांसाठीं आणलेल्या, लोकांनीं 'खेकडा' असें नांव दिलेल्या विजेच्या इंजिनांत एक नवल होतें. उतारावर त्यांच्या मोटारी वीज खाण्याऐवजीं वीज निर्माण करीत, ती वरच्या तारेंत परत देत, आणि तसें करतांना गाडीला मागें ओढून धरीत. ज्या उतारानें शंभर वर्षें माणसांना भिवविलें त्याच उताराकडून काम करून घेण्यांत आलें.

रेल्वेचा प्रश्न असा बराचसा सुटला. पण मोटाररस्त्यावर तोच प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. सन २००२ मध्यें मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग पूर्णपणें खुला झाला. ९४.५ किलोमीटर लांबीचा, सहा पदरी सिमेंटचा हा मार्ग घाटांत उतरतो तेव्हां त्यावर कोणी सांधेवाला नसतो, आडमार्गाची सक्तीहि नसते. शेंकडों ड्रायव्हर आपापल्या समजुतीनें उतरत असतात. पावसाळ्यांत लोणावळ्यास कित्येक वर्षीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, धुक्यानें पुढची गाडी दिसत नाहीं, आणि ओल्या रस्त्यावर कोणीतरी एकाएकीं ब्रेकावर पाय देतो. चाक अडकतें, घसरतें, गाडी आडवी होते. बैलगाडीच्या आऱ्यांतलें तें दांडकेंच पुन्हा समोर येतें.

याचें कारण सोपें आहे. फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर रस्त्यावर स्थिर असतो, म्हणून त्याची पकड चांगली. अडकलेलें चाक मात्र सरसकट घसरत जातें. त्याची पकड कमी होते, आणि तें पुढचें चाक असेल तर सुकाणूं कितीहि फिरविलें तरी गाडी वळत नाहीं. तेव्हां ब्रेक असा हवा कीं जो चाकाला अडकण्याच्या काठावर आणील, पण अडकूं देणार नाहीं. सन १९३६ मध्यें जर्मनींत बॉश कंपनीनें अशा योजनेचें पेटंट घेतलें. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीं डनलॉप कंपनीचें 'मॅक्सरेट' नांवाचें यंत्र विमानांच्या चाकांना बसूं लागलें, कारण ओल्या धांवपट्टीवर उतरणाऱ्या विमानाची आणि घाटांतल्या गाडीची अडचण एकच. मोटारींसाठीं इलेक्ट्रॉनिक पद्धति व्यवहारांत आली ती सन १९७८ मध्यें, बॉश आणि मर्सिडीज यांच्या सहकार्यानें. तिलाच आज ए. बी. एस. म्हणतात. हिंदुस्थानांत सन २०१५ पासून नव्या जड मालमोटारी व बस यांना, आणि एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना व १२५ सी. सी. वरील मोटारसायकलींना ती सक्तीची झाली.

या पद्धतींत निर्णय घेणारी पेटी असते, दाब सोडणाऱ्या व भरणाऱ्या झडपा असतात; पण तिचे डोळे म्हणजे चाकांजवळचे सेन्सर. चाकाबरोबर फिरणारें एक दांतेरी कडें असतें आणि त्याच्या समोर, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनहि कमी अंतरावर, सेन्सराचें टोंक. जुन्या धर्तीच्या सेन्सरांत लोहचुंबक आणि तारेचें वेटोळें असतें. एकेक दांत पुढून गेला कीं वेटोळ्यांत विजेची एक लहर उठते. पुष्कळ जड गाड्यांच्या कड्याला १०० दांत असतात. ताशीं ४० किलोमीटर वेगाला अशा चाकाकडून सेकंदास सुमारें साडेतीनशें लहरी पेटीकडे जातात. एका चाकाच्या लहरी इतरांच्या मानानें एकाएकीं विरळ झाल्या, कीं पेटी समजते: हें चाक अडकूं पाहत आहे. ती त्या चाकाचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा भरते, आणि हें सेकंदांत अनेक वेळां चालतें. नव्या मोटारींतील सेन्सर निराळ्या तत्त्वावर, बाहेरून वीज घेऊन काम करतात, म्हणून ते अगदीं संथ गतीहि ओळखतात.

डोळाच अधू झाला तर काय? येथें वेस्टिंगहाउसच्या कल्पनेचा वारसा आहे, पण तो थोडा वेगळा. सेन्सर बिघडला म्हणून गाडी थांबत नाहीं. पेटी ए. बी. एस. बंद करते, साधा ब्रेक पूर्ववत् राहतो, आणि ड्रायव्हरापुढें एक पिवळा दिवा लागतो. मोटारींत बहुधा सारी व्यवस्था बंद पडते. जड गाड्यांत कांहीं वेळां त्या एका चाकापुरती. दिवा पिवळा आहे, गाडी चालते आहे, ब्रेकहि लागतो आहे. मग काय घाई, असें वाटतें. धोका नेमका या वाटण्यांत आहे. कोरड्या सपाट रस्त्यावर कांहींच फरक दिसत नाहीं. तो दिसतो ओल्या उतारावर, म्हणजे ज्या क्षणीं उपाय करण्यास वेळ नसतो त्या क्षणीं. सन १८६९ च्या गाडीला दिवा नव्हता. आजच्या गाडीला तो आहे, आणि तरी न पाहिल्यासारखें केलें तर दीडशें वर्षांची विद्या वायां गेली म्हणावयाची.

अशी एक मालमोटार पावसाळ्यांत घाटापूर्वीं दुरुस्तीस उभी आहे असें समजावें. उतावळा मिस्त्री लगेच नवा सेन्सर घालतो. जाणता मिस्त्री आधीं विचारतो कीं दिवा केव्हां लागतो. किल्ली फिरवितांच सर्वच दिवे लागतात, तो तर नियमच. ठीक असलेल्या गाडींत तो पिवळा दिवा लगेच, किंवा थोडा वेग घेतल्यावर विझतो. तो विझत नसेल तर तपासणीचें यंत्र जोडून कोणत्या चाकाची तक्रार आहे तें तो वाचून घेतो. यंत्र चाक सांगतें, कारण सांगत नाहीं. तार तुटली, जोडणींत पाणी शिरलें, कड्याचा दांत मोडला, अंतर वाढलें, बेअरिंग सैल झालें, यांपैकीं कांहींहि झालें तरी यंत्राच्या लेखीं सेन्सराचीच तक्रार असते. कोरड्या रस्त्यावर, गाडी अगदीं थांबतां थांबतां ब्रेकाचा पाय थरथरत असेल, तर तोहि इशारा होय: अंतर वाढल्यामुळें संथ वेगांतल्या लहरी हरवत आहेत आणि चाक अडकलें असा पेटीचा गैरसमज होत आहे.

मग सपाट जागीं, इतर चाकांना ठोकळे लावून, जॅकाखेरीज भक्कम आधार देऊन तें चाक उचलावयाचें. प्रथम नजर तारेवर, विशेषतः सुकाणूंबरोबर जी तार वळते तिच्यावर. नंतर जोडणींतील हिरव्या गंजावर. जुन्या धर्तीच्या सेन्सराचा रोध जड गाड्यांत बहुधा १,००० ते २,००० ओहमांच्या दरम्यान भरतो. अनंत भरला तर वेटोळें वा तार तुटलेली, शून्याजवळ भरला तर आंतल्या आंत जोडली गेलेली. चाक हातानें दोन सेकंदांत एक फेरा या गतीनें फिरविलें असतां निदान ०.२ व्होल्ट वीज उठावी. उठत नसेल पण रोध बरोबर असेल, तर दोष सेन्सराचा नसून अंतराचा किंवा कड्याचा. विजेवर चालणाऱ्या नव्या सेन्सराला मात्र ही रोधाची परीक्षा लागू नाहीं. त्याची परीक्षा यंत्रावर चाकाचा वेग दिसतो कीं नाहीं, यावरून करावयाची.

मावळांतल्या चिखलपाण्यांत पुष्कळदां नवा सेन्सर लागतच नाहीं. चुंबकाच्या टोंकाला ब्रेकाच्या झिजेचा लोखंडी चुरा चिकटलेला असतो. तो पुसला आणि सेन्सर पुन्हा नीट आंत सारला कीं काम होतें. बदलावयाचा असेल तर जुना सेन्सर हातोडीनें ठोकून काढूं नये, कड्याचे दांत दुखावतात. त्याचें घर साफ करून, थोडें ग्रीस लावून, नवा सेन्सर कड्याला टेकेपर्यंत हातानें ढकलावा. जड गाडींत तो स्प्रिंगच्या पकडींत बसतो. चाक फिरविलें कीं जेवढें लागतें तेवढें अंतर तो आपलें आपण घेतो. तार पूर्वीच्याच खुंट्यांतून न्यावी, सुकाणूं दोन्ही टोंकांपर्यंत फिरवून ती ताणली जात नाहीं हें पाहावें, यंत्रांतील नोंद पुसावी, आणि मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी चालवून दिवा विझलेला राहतो याची खात्री करावी. ही शेवटची पायरी पुष्कळ जण गाळतात. वास्तविक तीच बोरघाटाच्या सांध्यांची शिकवण आहे: दुरुस्त केलें म्हणून पुढें जाऊं नये, दुरुस्त झालें हें दिसल्यावर पुढें जावें.

या साधनाला मर्यादाहि आहेत. ए. बी. एस. चाकाला घसरूं देत नाहीं. तें ब्रेकाला नवी शक्ति देत नाहीं. डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडून सबंध उतार ब्रेकावर उतरविला, तर ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकाची पकड जाते. तेथें उत्तम सेन्सरहि हतबल असतो. खालच्या गियरमध्यें उतरणें, म्हणजे इंजिनालाच गाडी मागें धरावयास लावणें, हा उपाय आजहि सेन्सराच्या आधींचा आहे. 'खेकड्या'नें सन १९२९ नंतर जें काम विजेनें केलें, तेंच हें.

बैलगाडीवाल्याजवळ दगड होता, रेल्वेजवळ आडमार्ग आला, मोटारीजवळ सेन्सर आहे. साधनें बदललीं, उताराचा नियम बदलला नाहीं. लोणावळ्याच्या पुढें जो पिवळा दिवा लागलेला दिसतो, तो आडमार्गाकडे वळविलेला सांधाच समजावा. तेथें गाडी उभी करावी, दोष शोधावा, आणि मग घाट उतरावा. शिंग्रोबापुढें हात जोडण्याकरितां थांबणारा ड्रायव्हर तेवढ्या वेळांत दिव्याकडेहि एक नजर टाकील, तर त्याची भक्ति उणी होणार नाहीं, आणि पायथ्याच्या खोपोलींत त्याची वाट पाहणाऱ्यांना तो सुखरूप भेटेल.